परदेशातील तालीम
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या शिष्यवृत्ती निधीकडे यंदा जे अर्ज आले, त्यांत एक अर्ज नेहमीच्या चाकोरीबाहेरचा आहे, हे आपणांपैकी बहुतेकांच्या कानी आलेच असेल. आपल्याच एका कुटुंबातील कन्येने बारा वर्षे कथक नृत्याचा अभ्यास केला आहे. युरोपातील एका नृत्यपथकाने तिला बोलावले असून तिकडील नर्तकांसह एक संयुक्त नृत्यप्रयोग उभा करावयाचा आहे. त्यासाठी तिने तीन महिने तिथे राहून तालमी कराव्यात, असा बेत आहे. जाण्यायेण्याचा व राहण्याचा काही भाग निधीने उचलावा, अशी तिची विनंती आहे. मंडळात ह्यावर दोन मते झाली. निधी स्थापन झाला तो उच्च शिक्षणासाठी. तालीम हे शिक्षण कसे, असा एका पक्षाचा प्रश्न आहे. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर रागाने नव्हे तर माहितीने दिले पाहिजे. म्हणून अध्यक्षांनी ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही ती शिरसावंद्य मानली.

आम्ही नृत्याचे जाणकार नव्हे. जन्मभर मुलांना इतिहास आणि व्याकरण शिकवले. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला एक सवय असते: नवा प्रश्न पुढे आला की, असा प्रसंग पूर्वी कोणावर आला होता आणि त्यांनी काय केले, हे तो प्रथम शोधतो. परदेशात राहून, परक्या माणसांबरोबर, नृत्याच्या तालमी सुरू करणारी आपल्या देशातील मंडळी पूर्वी होऊन गेली आहेत. त्यांत अग्रभागी नाव येते ते उदयशंकर ह्यांचे. तेव्हा त्यांच्या दोन तालमींची हकीकत आज आपणांपुढे ठेवतो. पहिली लंडनमधील, १९२३ सालची. दुसरी पॅरिसमधील, १९३०-३१ सालची. ह्या दोन तालमींमधील अंतर ज्याने ओळखले, त्याला आपल्या पुढील अर्जाचा निर्णय करणे कठीण जाणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

उदयशंकरांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूर येथे एका बंगाली ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील श्यामशंकर हे झालावाड संस्थानच्या सेवेत होते. मुलाचे बालपण पुष्कळसे गाझीपूरजवळच्या नसरतपूर ह्या आजोळच्या गावी गेले. तिथे मातादीन नावाचा एक चर्मकार नाचत असे. त्याचा नाच पाहून ह्या मुलाचे भान हरपे. पुढे जगभर नाव झाल्यावरही उदयशंकरांनी नृत्याची पहिली ओढ कुठे लागली हे सांगताना मातादीनाचे नाव घेतले. आपण सारे ज्ञातीच्या नावाने येथे जमलो आहोत. म्हणून ही गोष्ट आम्ही मुद्दाम प्रथम सांगितली. विद्या कोणाच्या अंगणात उगवेल ह्याला जातीचा नियम नाही. ज्यांच्या पंक्तीला तो मुलगा बसू शकत नव्हता, त्यांच्याच अंगणात त्याला आयुष्याचा मार्ग दिसला.

उदयशंकर प्रथम चित्रकार व्हावयास निघाले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि १९२० साली ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे विल्यम रोदेनस्टाइन हे प्राचार्य होते. भारतीय कलेविषयी त्यांना मोठा आदर. पाश्चात्त्यांची नक्कल करण्यापेक्षा आपल्या देशाची कला पाहा, हा उपदेश ह्या तरुणाला प्रथम एका इंग्रज गुरूकडून मिळाला.

त्याच सुमारास ॲना पावलोव्हा ही जगद्विख्यात रशियन नर्तकी हिंदुस्थानचा दौरा करून परतली होती. १९२२-२३ च्या ह्या प्रवासात तिच्या मनावर येथील कलेचा खोल ठसा उमटला, आणि लंडनला जाऊन भारतीय विषयांवर नृत्ये बसवावीत असे तिने ठरवले. त्यांतून दोन निरनिराळ्या गोष्टी जन्माला आल्या. एक होती आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरची नृत्यनाटिका. तिचे संगीत रशियन संगीतकार चेरेपनिन ह्यांचे, नृत्ये बसवणारे क्लुस्तीन हेही रशियन. विषय भारतीय, पण पाऊल बॅलेचे. दुसरी गोष्ट वेगळी होती. ‘हिंदू विवाह’ आणि ‘राधा-कृष्ण’ अशी दोन नृत्ये पावलोव्हाने उदयशंकर ह्या बावीस वर्षांच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याकडून बसवून घेतली, आणि राधेची भूमिका स्वतः साडी नेसून केली. कृष्ण अर्थात उदयशंकर. सप्टेंबर १९२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन रंगमंदिरात ही नृत्ये सादर झाली आणि पुढे पथकाबरोबर अमेरिकेपर्यंत गेली.

आता त्या तालमीची कल्पना करून पाहा. बॅलेच्या नर्तकाला लहानपणापासून शिकवतात ते वर उठण्याचे शास्त्र. देह हलका करावयाचा, पायाच्या अंगठ्यावर तोलावयाचा, जमीन सोडून जणू हवेत तरंगावयाचे. आपल्या नृत्यात ह्याच्या उलट. तळवा सपाट जमिनीवर पडला पाहिजे, गुडघा किंचित वाकला पाहिजे, देहाचा भार भूमीने घेतला पाहिजे. तिकडे चेहरा बहुधा शांत. इकडे नेत्र, भुवई, मान आणि बोटाचे अग्रही बोलते. तिकडे संगीत ठरलेल्या मोजणीने एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते. इकडे तालाचे आवर्तन फिरून फिरून समेवर येते, आणि सम चुकली तर सारेच चुकले. जिच्या पायांशी सारे युरोप नतमस्तक झाले होते, त्या स्त्रीने एका विद्यार्थ्यापुढे पुन्हा उमेदवार होऊन हे शिकण्याचा प्रयत्न केला, हा तिचा थोरपणा होय.

तथापि ह्या पहिल्या तालमीत एक उणीव होती, आणि ती उदयशंकरांच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नाही. नृत्य भारतीय असले तरी ते पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या साथीवर करावे लागत होते. कोमलता बॅनर्जी ह्यांनी रचलेले संगीत त्या वाद्यवृंदासाठी मांडून घेतले होते. शिवाय स्वतः उदयशंकरांनीही तोवर कोणत्याही गुरूपाशी बसून शास्त्रोक्त नृत्य शिकलेले नव्हते. बालपणीची स्मृती, चित्रे, मूर्ती आणि उपजत प्रतिभा एवढेच भांडवल. त्यांच्या चरित्रात सर्वत्र नमूद आहे की, त्यांनी बॅले शिकण्याची इच्छा दर्शवली तेव्हा पावलोव्हाने ती मानली नाही आणि आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला दिला. ज्या बाईने आपली विद्या देण्याचे नाकारले, तिने त्याहून मोठे दान दिले, असेच म्हणावे लागेल.

पावलोव्हाचे पथक सोडल्यावर उदयशंकर पॅरिसला आले. पुढील काही वर्षे त्यांनी लहानमोठ्या रंगमंचांवर नाचून काढली. ह्या काळात त्यांना दोन सहकारिणी मिळाल्या. एक सिमोन बार्बिए नावाची फ्रेंच तरुणी. ती मुळात पियानो शिकणारी. उदयशंकरांची शिष्या झाली आणि ‘सिमकी’ ह्या नावाने प्रसिद्धीस आली. दुसऱ्या ॲलिस बोनर ह्या स्विस शिल्पकार. ॲलिस बोनर ह्यांनी १९२६ साली झ्यूरिक येथे उदयशंकरांचे नृत्य पाहिले. पुढे त्यांच्याबरोबर त्या भारतात आल्या, देशभर हिंडल्या, नृत्ये आणि शिल्पे पाहिली, वाद्ये व वस्त्रे जमवली आणि नव्या पथकासाठी आपले द्रव्यही वेचले. ह्याच विदुषी पुढे काशीत स्थायिक झाल्या, मंदिरशिल्पाच्या अभ्यासाला त्यांनी जन्म वाहिला आणि १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

आता दुसरी तालीम. १९३० च्या शरदात उदयशंकरांनी जे केले ते त्या काळी कोणालाही वेडेपणाच वाटला असता. त्यांनी आपले घरच उचलून पॅरिसला नेले. आई हेमांगिनीदेवी, बंधू राजेंद्र, देवेंद्र आणि सर्वांत धाकटा दहा वर्षांचा रवी, काका केदारशंकर, चुलत बहीण कनकलता, आणि सरोदवादक तिमिरबरन भट्टाचार्य. धाकटा रवी म्हणजे पुढे सतारीने जग जिंकणारे पंडित रविशंकर, हे सांगणे नकोच. ही सारी मंडळी पॅरिसच्या एका मोठ्या घरात एकत्र राहू लागली. कोणी कापडे शिवी, कोणी वाद्ये लावी, कोणी नाचाची पावले घटवी. नाचणाऱ्याने वाद्यही हाती घ्यावयाचे आणि वाजवणाऱ्याने गरज पडल्यास नाचावयाचे, अशी शिस्त. परक्या शहरातील ते घर आईने सांभाळले. जिने उभ्या आयुष्यात युरोप पाहिला नव्हता, तिच्यामुळे पॅरिसमध्ये एक भारतीय घर उभे राहिले. आणि म्हणूनच तिथे भारतीय तालीम होऊ शकली.

ह्या पथकात आपल्या परिचयाचे आणखी एक नाव आहे. विष्णुदास शिराली हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले. गांधर्व महाविद्यालयाच्या शिस्तीत त्यांची जडणघडण झाली होती. तिमिरबरन ह्यांच्या जोडीने त्यांनी पथकाच्या संगीताची बाजू उचलली, आणि पुढे ते पथकाचे संगीत-दिग्दर्शकच झाले. १९३७ साली अमेरिकेत ह्या वादकांच्या ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या शिरालींच्याच दिग्दर्शनाखाली. १९४८ सालच्या ‘कल्पना’ ह्या उदयशंकरांच्या चित्रपटाचे संगीतही त्यांचे. पलुस्करांनी गावोगाव जी विद्या पेरली, तिचे एक रोप असे पॅरिसच्या रंगमंचावर फुलले.

३ मार्च १९३१ रोजी पॅरिसच्या शांझेलिझे रंगमंदिरात पहिला प्रयोग झाला. वादक पडद्याआड नव्हते. रंगमंचावरच, प्रेक्षकांसमोर, आपली वाद्ये घेऊन बसले होते. १९२३ ची उणीव भरून निघाली होती. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी, २३ जानेवारीस, पावलोव्हा हेग शहरी निवर्तली होती. आपल्या सल्ल्याला आलेले फळ तिला पाहावयास मिळाले नाही.

बंधुभगिनींनो, ह्या दोन तालमी शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वेळी उदयशंकर एकटे गेले होते. दुसऱ्या वेळी आपली वाद्ये, आपले वादक आणि आपली माणसे घेऊन बसले. पहिल्या वेळी यजमानाच्या घरात आपल्यासाठी जागा करून घ्यावी लागली; दुसऱ्या वेळी यजमानच आपल्या घरी शिकावयास आले. सिमकीचे उदाहरण ह्या दृष्टीने मननीय आहे. तिने आपले फ्रेंचपण टाकले नाही, परंतु थोडे तुमचे थोडे आमचे अशी गोधडीही शिवली नाही. वर्षानुवर्षे तालीम करून तिने आपले नृत्य मुळापासून आत्मसात केले. इतके की, उदयशंकरांनी अल्मोडा येथे संस्कृती-केंद्र काढले तेव्हा तिथे ती शिकवीत असे. आणि १९५१ च्या ‘आवारा’ चित्रपटातील सुप्रसिद्ध स्वप्नदृश्याचे नृत्य-दिग्दर्शन तिचेच. सहकार्य ह्याचा अर्थ दोघांनी आपापले अर्धे सोडणे असा नव्हे. एकाने दुसऱ्याचे पूर्ण शिकण्यास तयार होणे, हा त्याचा अर्थ होय. आणि हे शिकणे प्रयोगाच्या रात्री होत नाही. ते तालमीत होते.

म्हणूनच ‘तालीम हे शिक्षण कसे’ ह्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे: तालीम नव्हे तर दुसरे कोणते? प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यास आपण शिष्यवृत्ती देतो. तिथे तो सिद्ध झालेली गोष्ट पाहावयास जात नाही. चुकत, पुन्हा करीत, नवी गोष्ट सिद्ध करावयास जातो. नर्तकाची प्रयोगशाळा म्हणजे तालमीची खोली.

दुसरी शंका कुलीनतेची. ती उघड कोणी बोलत नाही, पण मनात असते. म्हणून आम्हीच बोलतो. घरंदाज मुलीने रंगमंचावर नाचावे काय? ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या नृत्य आणि गाणे जिवंत ठेवले, त्यांना आपल्या समाजाने दाराबाहेर उभे केले. आणि आता त्यांचीच विद्या आपल्या मुली शाळेत बिल्ला लावून शिकतात. शिकणे प्रतिष्ठेचे आणि सादर करणे अप्रतिष्ठेचे, हा न्याय आम्हांला समजत नाही. दमयंती जोशी ह्यांचे उदाहरण घ्या. मुंबईत जन्मलेली ही मुलगी लहान वयातच मेनका ह्यांच्या पथकातून युरोपात गेली. मेनका म्हणजे लीला सोखी, ज्यांनी खंडाळ्यास नृत्यशाळा चालवली आणि १९३६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत आपले पथक नेले. दमयंतीची आई वत्सलाबाई ह्यांनी मुलीला नाचू दिले आणि तिच्या शालेय शिक्षणाची आबाळही होऊ दिली नाही. हीच मुलगी पुढे कथकची थोर नर्तकी झाली; १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मश्री तिला लाभली. पॅरिसमधल्या हेमांगिनीदेवी काय आणि मुंबईच्या वत्सलाबाई काय, दोघींनी मुलांना अडवले नाही आणि वाऱ्यावरही सोडले नाही. पालकांनी ह्याहून अधिक काही करावयाचे नसते, आणि ह्याहून कमीही करू नये.

तिसरी शंका व्यवहाराची, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. परदेशी मुलगी फसली तर? येथे इतिहासापेक्षा सावधगिरी उपयोगी. केवळ कौतुकाच्या पत्रावर विमानात बसू नये. पुढील गोष्टी लेखी असाव्यात: तालमीचे रोजचे तास किती, आठवड्यातून विश्रांतीचा दिवस कोणता, मानधन केव्हा आणि कोणत्या चलनात, राहण्याची व्यवस्था कोणाकडे, दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च व विमा कोणाचा, परतीचे भाडे कोण देणार. परवाना पर्यटनाचा न काढता त्या कामास योग्य असाच काढावा. बसवलेल्या नृत्यात तिची जी रचना असेल तिच्याखाली तिचे नाव यावे. तालमीचे चित्रण झाले तर ते कोणी, कुठे दाखवावे, हेही आधी ठरावे. आपले कलावंत ह्या शेवटच्या दोन कलमांत बहुधा भिडेने गप्प बसतात, आणि मग आपलीच तिहाई दुसऱ्याच्या नावावर वाजताना ऐकतात.

काही गोष्टी लहान, पण तालीम त्यांच्यावर तरते. आपल्या नृत्यात पाय अनवाणी असतो. थंड देशात, कठीण फरशीवर, अंग न तापवता पदन्यास केला तर गुडघा आणि घोटा ह्यांची हानी होते. म्हणून लाकडी जमीन आणि उबदार खोली मागण्यात संकोच धरू नये. तबलजी बरोबर नेता येत नसेल तर निदान लेहरा आणि ताल ह्यांची चांगली ध्वनिमुद्रणे न्यावीत, आणि पहिल्या आठवड्यात नाच न करता तिकडील सहकाऱ्यांना हाताने टाळी-खाली धरावयास शिकवावे. सोळा मात्रांचा त्रिताल ज्याच्या हातात बसला, त्याच्या पायात तो आज ना उद्या बसेल. तद्वतच तिनेही त्यांचे आधी पाहावे, मग बोलावे. आपले शास्त्र दोन सहस्र वर्षांचे म्हणून पहिल्याच दिवशी व्याख्यान देणाऱ्याशी कोणी तालीम करीत नाही; फार तर नमस्कार करतात.

उदयशंकरांवर टीका झाली नाही असे नव्हे. त्यांचे नृत्य कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत बसत नाही, असा शास्त्री मंडळींचा आक्षेप होता; आणि तो सर्वस्वी निराधारही नव्हता. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. कीर्ती मिळाल्यानंतरही ते कथकलीचे आचार्य शंकरन नंबूदिरी ह्यांचे शिष्य झाले, आणि अल्मोड्याच्या केंद्रात त्यांनी ह्या आचार्यांनाच शिकवावयास बोलावले. परदेशातील टाळ्यांनी ज्याचे शिकणे थांबत नाही, त्याचे परदेशी जाणे सार्थकी लागते.

आता आमच्या सूचना सांगून हे लांबलेले भाषण आवरतो. पहिली: निधीच्या नियमांत ‘उच्च शिक्षण’ ह्या शब्दांत संगीत, नृत्य, नाट्य व चित्रशिल्प ह्यांचा स्पष्ट समावेश करावा. दुसरी: प्रस्तुत अर्ज मंजूर करावा, मात्र वर सांगितलेला लेखी करार मंडळातील वकील सभासदांनी प्रथम वाचून पाहावा. तिसरी: मदत केवळ प्रवासभाड्याची नसावी. तालमीचे महिने उपाशी काढावयाचे आणि प्रयोगाच्या रात्री हारतुरे घ्यावयाचे, ही आपली जुनी खोड मोडावी. चौथी: परत आल्यावर ह्या कन्येने आपल्या सभागृहात एक वर्षभर दर रविवारी मुलांना शिकवावे, आणि त्या वर्गाचे दार केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांपुरते उघडे नसावे. मातादीनाच्या अंगणाचे ऋण फेडण्याची ह्याहून चांगली रीत आम्हांला सुचत नाही.

१९३५ साली मुंबईच्या बंदरावर हेमांगिनीदेवींनी परदेशी निघालेल्या धाकट्या रवीचा हात उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या हाती दिला आणि त्याला आपला मुलगा माना म्हणून विनविले. ते उस्ताद वेगळ्या धर्माचे, वेगळ्या कुळाचे. त्या माउलीने पाहिली ती फक्त विद्या आणि माणूस. आपल्यापुढे आज त्याहून फार सोपा प्रसंग आहे. मुलगी सज्ञान आहे, विद्या तिच्या पायांत आहे, मार्ग ठाऊक आहे. समाजाने फक्त तिच्या पाठीशी उभे राहावयाचे आहे.

तो निर्णय आपण सुबुद्धपणे कराल, अशी आशा आहे.